अंगठ्याचं नख रुतलंय? आधी ते ब्लेड खाली ठेवा

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की माणूस पायरी चढतानाच कळतं काय दुखायलंय ते. अंगठा वर उचलून टाचेवर चालत आला की नख रुतलेलं असणार. कधीपासून म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, कोपरा जरा टोचायलाय म्हणून ब्लेडनं काढला, दोन-चार दिवस एकदम मोकळं वाटलं, मग परत सुरू झालं आणि आता तर बूट घालणंच होईना. म्हणून पहिलंच सांगतो, बाकी नाही वाचलं तरी चालेल, तो कोपरा खोदू नका. दुखणं तिथंच तयार होतंय.

होतं काय बगा. नख वाढतं ते मागून, कातडीखाली मूळ असतं तिथून, आणि सरकत सरकत पुढं येतं. कोपरा तिरपा कापला की टोचणारा तुकडा गेला म्हणून लगेच आराम पडतो, पण पुढची जागा रिकामी झाली की तिथलं मांस वर येतं, आणि ब्लेड जिथं पोचत नाही तिथं कडेला नखाची एक बारीक अणी राहून जाते जी आपल्याला दिसतच नाही. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे काही आठवड्यांत ती अणी सरळ मांसात घुसते, आणि मग पायात मोडलेल्या बाभळीच्या काट्याला शरीर जसं बाहेर ढकलायला बघतं तसंच ह्या अणीचं होतं, सूज, लाली, ठणका, शेवटी पू. माणूस काय करतो, परत कोपरा काढतो, आणखी खोल. वर्षानुवर्षं हेच चक्कर चालू असलेली माणसं आहेत आपल्याकडं.

नखाच्या मधोमध व्हीसारखी खाच पाडायची म्हणजे नख मध्यभागी ओढलं जातं आणि कडा सुटतात, हा पण एक लई जुना उपाय आहे. त्यानं काही होत नाही. खाच पुढं, मूळ मागं, मुळाला कळतच नाही पुढं कुणी काय कापलं ते.

घरी करायचं का नाही, हे आधी ठरवा

अंगठ्याची कड लाल आहे, दाबलं की दुखतं, थोडी सूज आहे पण पू नाही, एवढ्यावर असेल तर घरी नीट केलं की बहुतेकांचं बसतं. पू दिसायला लागला, रात्री ठणका झोपू देईना, तर डॉक्टरला दाखवायचं. आणि नखाच्या कडेला लालभडक ओलं मांस वाढलंय, जरा हात लागला की रक्त येतंय, अशी अवस्था असेल तर घरच्या उपायावर आणखी महिना घालवू नका, ते मांस आतली अणी निघाल्याशिवाय सहसा बसत नाही.

आता ज्यांनी घरी काहीच करायचं नाही ती माणसं. शुगर असलेले पहिले. शुगरमुळं पुष्कळदा पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, नख रुतलेलं कळत नाही, गरम पाण्यानं भाजलेलं पण कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असला तर छोटी जखम चिघळून बोट काढायची वेळ येते. एक काका आले होते, म्हणले दुखत तर काहीच नाही, नुसता मोजा ओला होतोय. ओला कशानं होतोय ते बघितलं तर पू. दुखत नाही ही शुगरवाल्यासाठी चांगली बातमी नसते, उलट जास्त काळजीची गोष्ट असते. चालताना पोटऱ्या भरून येणारे, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, विशेषतः बिडी-सिगरेट ओढणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, केमो किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले, ह्या सगळ्यांनी पण सरळ दवाखाना गाठायचा. आणि कुणालाही ताप आला, लाली पायावर वर सरकायली, लाल रेघ दिसायली किंवा बोट काळं-निळं पडायलं तर त्याच दिवशी जायचं, आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ म्हणून थांबायचं नाही.

घरी करायचं तर असं

कोमट पाण्यात पाय बुडवायचा, एका वेळी १०-१५ मिनिटं, दिवसातनं तीन-चार वेळा. पाणी कोपर बुडवून बघा, कोपराला सहन होतंय ना, मग पाय. मीठ टाकायचं तर चमचाभर टाका, पण खरं काम पाण्याचं आहे, नख आणि कातडी मऊ करायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसलेल्या घरात दिवसातनं चार वेळा बादली कुठनं आणायची, हे मला मान्य आहे, पण बादली लागतच नाही. पायाचा पुढचा पंजा बुडंल एवढं एखादं जुनं पसरट भांडं घ्या, तांब्या-दीड तांब्यात भागतं. फक्त पाणी दर वेळी नवीन पाहिजे, सकाळचंच संध्याकाळी गरम करून नाही.

मग पाय कोरडा करायचा. कोरडा म्हणजे बोटांच्या बेचक्यातनं सुद्धा, स्वच्छ फडक्यानं टिपून.

कातडी मऊ आहे तोवर हात स्वच्छ धुवून, बोटानं किंवा इअरबडनं सुजलेली कड नखापासून हळूच बाहेर आणि खाली ढकलायची. नख उचलायचं नाही, कातडी बाजूला करायची. मग कापसाची अगदी बारीक वळी, सुतळीच्या एका धाग्याएवढी, नखाच्या कोपऱ्याच्या खाली सरकवायची म्हणजे नख मांसावरनं जरा उचललेलं राहतं आणि वाढताना वरनं जातं. कापूस रोज बदलायचा, ओला झाला तर आधीच. आत जाईना, लई दुखायलं, तर जबरदस्ती नको, एक-दोन दिवस नुसतं पाण्यात बुडवा आणि मग बघा. काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन, सुई, ह्यातलं काही आत घालायचं नाही.

कापसाचं एक सांगतो कारण आपल्याकडं घरात गंजी लागलेली असते. शेतातला कापूस वापरू नका. त्याच्यात पाचोळा-धूळ असतेच, शिवाय कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असतं त्यामुळं तो पाणी शोषत नाही, पाण्यावर नुसता तरंगतो. मेडिकलमधला कापूस धुवून मेण काढलेला असतो. छोटं पाकीट घ्या, ते पण शिल्लकच राहील.

कापसापेक्षा मला स्वतःला चिकटपट्टीचा उपाय बरा वाटतो, कारण त्यात नखाखाली काही घालायचं नसतं. कापडी किंवा कागदी सर्जिकल टेपची बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी कापा, सात-आठ सेंटिमीटर लांब. एक टोक सुजलेल्या कडेवर, नखाला अगदी लागून चिकटवा, कातडी नखापासून लांब ओढली जाईल असं खेचा आणि पट्टी अंगठ्याच्या खालनं तिरकी फिरवून दुसऱ्या बाजूला आणून सोडा. उद्देश एवढाच की नख आणि मांस ह्यांच्यात फट पडावी. पट्टी गोल फास बसल्यासारखी गुंडाळायची नाही, बोट थंड-निळं पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. घामेजलेल्या बोटावर ती टिकत नाही, म्हणून आधी पुसून घ्या, आणि रोज नवीन लावा. नख कडेच्या पुढं येईपर्यंत लावत राहायचं, म्हणजे काही आठवडे, दोन दिवसांत दुखायचं थांबलं म्हणून सोडून दिलं की परत येरे माझ्या मागल्या.

वरनं थोडं व्हॅसलिन आणि साधी गॉज पट्टी. दुखायलं तर पॅरासिटामॉल. ताकदीच्या पेनकिलर मागत जाऊ नका, बीपीवाल्याला, किडनीचा त्रास असलेल्याला आणि रिकाम्या पोटी घेणाऱ्याला त्या महागात पडतात.

पायताण कसलं, तर पुढनं उघडी चप्पल किंवा सँडल. इथं एक गफलत होते, लोक बूट सोडून अंगठ्याची चप्पल घालतात, आणि तो अंगठ्याचा गोल पट्टाच नेमका दुखऱ्या कडेवर घासतो. रुंद आडव्या पट्ट्याची साधी चप्पल बरी. दोन-तीन दिवसांत ठणका कमी व्हायलाच पाहिजे. झाला नाही किंवा पू दिसला तर घरचा कार्यक्रम बंद.

हे मात्र करू नका

बिबा. आपल्याकडं पायाला काही झालं की कुणीतरी म्हातारं माणूस बिबा चटकवायला सांगतंच. बिब्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, आणि आधीच सुजलेल्या अंगठ्यावर ते लावलं की मूळ दुखणं बाजूला राहतं आणि भाजल्याचा इलाज करावा लागतो. चुना, तंबाखूची गोळी, गरम तेलाचा चटका, शेण, हे सगळं त्याच रांगेत. शेण तर जखमेवर कधीच नको, धनुर्वाताचे जंतू तिथं असतात. हळद लावून कुणाचं नुकसान झालेलं मला माहीत नाही, पण हळदीनं मांसातली अणी निघणार नाही आणि पिवळ्या रंगाखाली लाली किती वाढली ते दिसत नाही.

नखुरड्याला बोटावर लिंबू टोपीसारखं बसवतात ना, ते पण लोक अंगठ्याला करतात. नखुरड्यात नखाच्या कडेला जंतू शिरून पू होतो, इथं नखच आत शिरलंय, आणि लिंबाचा रस उघड्या जखमेवर गेला की माणूस छतापर्यंत उडतो, दुसरं काही साधत नाही.

आता आमच्या काउंटरचं. "दोन अँटिबायोटिक द्या हो, बसून जाईल." बसत नाही. अणी आत आहे तोवर गोळी किती पण खा, आणि बहुतेक वेळा नखाचा रुतलेला भाग काढला की अँटिबायोटिकची गरजच राहत नाही. गरज आहे का ते डॉक्टर जखम बघून ठरवतील आणि दिलं तर कोर्स पूर्ण करायचा. दुसरी मागणी खाजेच्या ट्यूबची, घरात पडलेलीच असते, गजकर्णाला आणलेली. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, लाली दोन दिवस दबते आणि आतला संसर्ग वाढत राहतो. लावू नका, आणि खरं सांगायचं तर गजकर्णाला पण लावू नका, पण तो विषय वेगळा.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांनी अंगठा उघडा ठेवून रानात जायचं नाही. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर दवाखान्यात विचारा. आता टीटीच्या जागी टीडी देतात, सरकारी दवाखान्यात मिळतं.

डॉक्टर काय करतात

लोकांना भीती असते की पूर्ण नख उपटतील. पूर्वी तसं सर्रास व्हायचं, अजून काही ठिकाणी होतं, आणि त्यात अडचण अशी की मूळ तसंच राहिलं तर नख परत येतं आणि पुष्कळांचं परत रुततं, कधी जाड-वाकडं येतं. अख्खं नख परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं. आता चांगली पद्धत म्हणजे रुतलेल्या बाजूची फक्त एक उभी पट्टी काढायची आणि तेवढ्याच भागाच्या मुळाला फिनॉल नावाचं रसायन लावून ते बंद करायचं. म्हणजे ती पट्टी परत वाढतच नाही, नख कायमचं जरा अरुंद होतं, बघणाऱ्याला कळत पण नाही. म्हणून सर्जनला विचारायला लाजू नका, "सर, पूर्ण नख काढणार का कडेचं, आणि मुळाला फिनॉल लावणार का?" परत व्हायची शक्यता त्यानं बरीच कमी होते.

अंगठ्याच्या बुडाला दोन्ही बाजूनं भुलीचं इंजेक्शन देतात. खोटं कशाला सांगू, ते इंजेक्शन दुखतं, पण पुढं काही कळत नाही. काम थोडक्या वेळातलं, भरती व्हायची गरज नसते. आजार अगदी सुरुवातीचा असेल तर काही डॉक्टर चिरफाड न करता नखाच्या कडेला प्लॅस्टिकची बारीक नळी बसवतात.

आधी गावच्या आरोग्य केंद्रात दाखवा, तिथं झालं नाही तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, शिवाय अंबाजोगाई, लातूर, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, तिथं सर्जरीच्या ओपीडीत हे रोजचं काम. जाताना पुढनं उघडी चप्पल घालून जा आणि गाडी चालवायला कुणीतरी सोबत न्या, बधिर अंगठ्यानं गिअर टाकता येत नाही. डावा अंगठा असला तर पुढचे काही दिवस पण गिअरची गाडी नकोच, पुष्कळ गाड्यांत वर गिअर टाकताना लिव्हरखाली तोच अंगठा जातो.

पहिले एक-दोन दिवस बसल्या-झोपल्या पाय उशीवर उंच ठेवा. ड्रेसिंग कधी काढायचं ते सांगितलेलं असतं, त्यानंतर रोज धुवून नवीन पट्टी. फिनॉल लावलं असेल तर जखमेतनं काही आठवडे चिकट पाणी येत राहतं, महिनाभर सुद्धा येतं, ते पाहून घाबरायचं नाही. वास यायला लागला, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला, तर परत दाखवा.

परत होऊ नये म्हणून

नख सरळ कापायचं. हाताच्या नखासारखा गोल आकार पायाला द्यायचा नाही. दोन्ही कोपरे कातडीच्या वर दिसले पाहिजेत, मोकळे. टोक पायमोज्यात अडकायलं तर कानशीनं जरासं घासा, बस. आंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापा, सरळ पात्याचं मोठं नेलकटर घ्या, किचेनला लटकवायचं छोटं वाकड्या पात्याचं पायाला नको. म्हाताऱ्या माणसांची नखं जाड-टणक असतात, ती एका दमात कापायला गेलं की फुटतात, आधी भिजवा आणि थोडी थोडी कापा. नख पिवळट, जाड, भुसभुशीत होतंय तर बुरशी असू शकते, तिची दवा वेगळी आणि लांबलचक असते, डॉक्टरकडूनच घ्या. गावात न्हाव्याकडनं नराणीनं नखं काढून घ्यायची रीत अजून काही घरात आहे, त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार असतो यात वाद नाही, पण तेच हत्यार सगळ्या गावाच्या पायाला लागतं आणि कोपरा खोल काढला की काम चोख झालं असं दोघांनाही वाटतं.

शनिवारी नखं काढायची नाहीत, तिन्हीसांजेला काढायची नाहीत. शनिवारचं मला माहीत नाही, तिन्हीसांजेचं पटतं, अंधुक उजेडात कोपरा हमखास तिरपा जातो.

बुटाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त भोगतात ती शाळकरी पोरं आणि भरतीची पोरं. बाप बाजारातनं अंदाजानं बूट आणतो, पोरगं घट्ट होतंय म्हणून बोलत नाही, आणि वय असं की पाय वर्षभरात वाढतो आणि घामही लई येतो, घामानं कातडी मऊ पडली की नख घुसायला सोपं. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरानं पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून, दोन्ही पायात, उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे आणि बोटं आत हलली पाहिजेत. पोलीस भरतीच्या १६०० मीटरला पळणाऱ्या पोरांना वाटतं घट्ट बूट म्हणजे वेग, पण पळताना पाय पुढं सरकतो आणि अंगठा दर पावलाला पुढं आपटतो. बूट बरोबर मापाचा आणि लेस वर घोट्याजवळ आवळलेली, म्हणजे पाय सरकत नाही. ग्राउंडच्या आदल्या रात्री नखं कापू नका, चार-पाच दिवस आधी कापा. तुळजापूरला नाहीतर पंढरपूरला चालत जाणाऱ्यांना पण हेच, आणि नवीन चप्पल वाटेवर पहिल्यांदा घालायची नाही. घामट मोजे रोज बदला, सुती घ्या. प्लॅस्टिकच्या गमबुटात दिवस काढणाऱ्यांनी दुपारी जेवायला बसलं की बूट काढून पाय वाळू द्यावा.

पिंपल्सवर आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असलेल्या पोरापोरींना कधीकधी ह्याच गोळीमुळं नखाची कड सुजते आणि मांस वाढतं. असं झालं तर कातडीच्या डॉक्टरला अंगठा पण दाखवा, ते चेहऱ्याकडंच बघत असतात आणि आपण सांगितल्याशिवाय बूट काढायला लावत नाहीत.

तान्ह्या बाळाचं काही जणी विचारतात. बाळाचं नख मऊ आणि पातळ असतं, पुढचं मांस वर आल्यासारखं दिसतं, नख जसं वाढतं तसं बहुतेक आपोआप नीट होतं. बाळ झोपलेलं असताना सरळ कापा, कोपरे तसेच सोडा, घट्ट मोजे नि पायात दाबून बसणारे फॅन्सी बूट घालू नका. लाल होऊन पू दिसला तर मात्र बाळाच्या डॉक्टरकडं न्या, घरी पिळू नका.